म्हशीच्या बदल्यात मोटार

मोटार माझ्याच बैलांच्या अंगावर चालली होती, आणि मोटारीत मी बसले होते. उतार लागला तसा बैलांच्या जुवाला बांधलेला दोर ढिला पडून जमिनीवर लोळू लागला. मोटार आपोआप पळायला लागली. कोसा डावीकडे ओढत होता, चांद्या उजवीकडे. एका जुवात बांधलेले असल्याने दोघांनाही बाजूला होता येत नव्हते. माझा धाकटा दीर गणपत कासरा धरून त्यांच्या पुढे उलटा धावत होता. मोटारीचे लोखंडी नाक आणि चांद्याचे मागचे पाय यांत हातभर अंतर उरले. आमची हीच एक जोडी. तिचे पाय मोडले तर मृगाची पेरणी बुडाली, आणि गणपत ठेचकाळला तर तो बैलांखाली आणि बैल मोटारीखाली.

ही वेळ आम्ही आमच्या हाताने आणली होती. कशी, ते सांगते.

माझा मुलगा विठ्ठल यवतमाळला लॉऱ्यांच्या कारखान्यात फिटर आहे. एका खेपेला तो मुकुटबनला गेला, तेव्हा तिथे एका लाकडाच्या ठेकेदाराच्या गोठ्यात, पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) ढिगाखाली त्याला ही मोटार दिसली. जुन्या काळची विलायती, कापडी छपराची, पितळी दिव्यांची. ठेकेदार मेल्यापासून बारा वर्षे ती हलली नव्हती. त्याची बायको ती भंगारवाल्याला देणार होती. विठ्ठल म्हणाला, इंजिन जाम झालेले नाही, घरी आणून दिलीस तर मी चालवून दाखवतो.

आम्ही तांड्याचे लोक. पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिले, पुढे बंड्या (बैलगाड्या) आल्या. आता लॉऱ्या आल्या, आणि आमचे लोक बंडी रस्त्याखाली उतरवून त्यांना वाट देऊ लागले. मला वाट देत बसायचे नव्हते. म्हणून मोटार आणायचे मी ठरवले. तांड्यातले लोक हसले, त्यांना हसू दिले.

विठ्ठलला सुटी नव्हती. निघताना त्याने एवढेच बजावले, "याडी (आई), तिले ब्रेक नाही, ध्यानात ठेव."

"आपल्या बंडीले तरी कुठी ब्रेक असते?" मी म्हटले. गणपतलाही ते पटले. साठ वर्षांत मी ब्रेकवाली बंडी पाहिली नव्हती.

होळी झाल्यावर घाटंजीहून निघालो. बैलजोडी, गणपत, मी, आणि मोटारीच्या बदल्यात द्यायची एक दुभती म्हैस. पांढरकवड्यापर्यंत रस्ता ओळखीचा होता. पुढे जंगल. सागाची पाने गळलेली, पळस मात्र पेटल्यासारखा लाल. सकाळी बायका मोहाची फुले वेचताना दिसत. एकीने आम्हाला ती भाजून, कुटून केलेले लाडू दिले. गोड लागले, पण दातांना चिकटले. म्हैस चालायला आळशी. तिच्यामुळे चार दिवसांची वाट पाच दिवसांची झाली.

मुकुटबनला ठेकेदाराची बायको ओट्यावरच बसली होती. माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ. तिने म्हशीची कास दाबून पाहिली, दात पाहिले, शेपटी उचलून पाहिली. मीही मोटारीभोवती फिरले, पण काय दाबून पाहावे ते मला कळेना. शेवटी दार उघडले आणि लावले. मागच्या गादीवर कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"म्हैस दूध देईन," ती बाई म्हणाली. "हे काय देईन तुले?"

"अंडे," गणपत म्हणाला.

जमलेले लोक हसले. सगळ्यांचे मत पडले की सौद्यात मी बुडाले. कोंबडी तिने ठेवून घेतली.

टायरांत हवा राहीना, म्हणून चारही टायरांत गवत ठासून भरले. पुढच्या लोखंडाला दोर बांधला, दुसरे टोक गणपतने जुवाला बांधले. मोटार वळवायचे चाक धरायला मी आत बसले, कारण बैल गणपतचे ऐकतात, माझे नाही. सपाटीवर सगळे झकास चालले. गावाबाहेरपर्यंत लोक मागे आले. मी सरळ पुढे पाहत राहिले. खरे सांगायचे तर मजा वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो उतार आला.

बंडीला ब्रेक नसतो हे खरे, पण बंडीला पुढे लाकडी दांडी असते. उतारावर बैल त्या दांडीच्या जोरावर मानेने ओझे तोलून धरतात. दोराने काहीच तोलता येत नाही. जन्मभर बंडी हाकलेल्या दोन माणसांना हे उताराच्या मध्यावर कळले.

मी चाक पिरगाळले असते तर दोराने बैलही ओढले गेले असते. न पिरगाळावे तर ते चिरडले जात होते. मी ओरडले, "गाठ सोड!"

आमच्या लोकांची ओझ्याची एक गाठ आहे. लादलेला बैल नदीत किंवा चिखलात पडला, तर एका हिसक्यात ओझे खाली यावे म्हणून ती तशी मारतात. सासऱ्यांनी दोन्ही मुलांना ती शिकवली होती. बैलांच्या पाठीवर ओझी लादणे बंद होऊन जमाना झाला, तरी गणपतचा हात दुसरी गाठ मारतच नाही. जुवावरही त्याने तीच मारली होती. त्याने बैलांच्या मध्ये हात घातला आणि गाठीचे मोकळे टोक ओढले. दोर गळून पडला. मी सगळा जोर लावून चाक उजवीकडे फिरवले. मोटार चांद्याच्या शेपटीला घासून रस्त्याखाली उतरली आणि पुरुषभर उंचीच्या वारुळात घुसली.

माझा पुढचा एक दात तुटला. मांडीवर माती आणि वाळवी. धूळ बसेपर्यंत कोणी दिसेना. मग गणपत आला.

"वयनी, जिती हायस काय?"

"हाव. बैल पाह्य."

"पाह्यले. मंगच इकडे आलो."

त्याचे काही चुकले नाही. मीही तेच केले असते.

जवळच कोलामांचे पोड (कोलाम लोकांची वस्ती) होते. तिथला एक म्हातारा आवाज ऐकून आला. त्याने वारुळाभोवती फेरी मारली आणि आधी वाळवीची चौकशी केली. मग घरी पडलेल्या मोडक्या बंडीची दांडी आणून दिली. ती आम्ही मोटारीला घट्ट आवळली, तिच्यावर जू चढवले, आणि उतारावर वेग आवरावा म्हणून मागे फरफटत यायला एक ओंडका बांधला. आता कुठे त्या मोटारीची बंडी झाली. म्हाताऱ्याने मोबदला म्हणून बसायला जागा मागितली. पोडापर्यंत तो मागच्या गादीवर ताठ बसून आला आणि उतरताना म्हणाला, "माय, गादी बरी हाय. बैल हळू हाय."

मुकुटबन सोडल्यापासून सातव्या दिवशी घाटंजीच्या भर बाजारातून आम्ही गेलो. तुटक्या दाताने मी सगळ्यांना नमस्कार केला.

विठ्ठलने दर रविवारी काम केले. दसऱ्याला मोटार स्वतःच्या आवाजावर तांड्यातून बाहेर पडली, आणि जे हसले होते तेच आधी चढून बसले. मग आम्ही मुकुटबनला गेलो. पाच दिवसांची वाट न्याहारी ते जेवण एवढ्या वेळात संपली. त्या उतारावर विठ्ठलने ब्रेक दाबून दाखवला. वारूळ पुन्हा कमरेइतके वाढले होते.

ठेकेदाराच्या बायकोने आमच्याच म्हशीच्या दुधाचा चहा दिला. मी तिला गाडीत बसवून गावातून फिरवले. ती म्हणाली, "मालकानं मले याच्यात कधी बसवलं नाही." मी विठ्ठलला आणखी एक फेरी मारायला सांगितले.

लोक विचारतात, म्हातारपणी एवढा धोका कशाला पत्करला. त्यांना मी नफ्या-तोट्याचा हिशेब सांगत नाही, झाले ते सांगते. त्या उतारावर आम्ही चौघे होतो: मी, गणपत, कोसा आणि चांद्या. चौघेही वाचलो.