आईने केलेला विरोधी पक्षाचा प्रचार

गेल्या महिन्यात एका शनिवारी आमच्याकडे काउन्सिलची निवडणूक झाली आणि मी त्यात उमेदवार होते. हो, मीच... जिला ऑफिसच्या मीटिंगमध्ये 'मला ऐकू येत नाहीये' एवढं सांगायलाही लाज वाटते.

त्याचं असं झालं. आम्ही सिडनीत टूनगॅबीजवळ राहतो. शेजारचा रॉन, सत्तरीचा रिटायर्ड इलेक्ट्रिशियन. त्याने बरीच वर्षं एकच ध्यास घेतलाय, शाळेकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्याला फुटपाथ हवा. बायका प्रॅम घेऊन गाड्यांच्या कडेकडेने चालतात, मीही लेकीला तशीच सोडायला जाते.

शेवटी रॉन स्वतःच अपक्ष उभा राहिला. पण इथे अपक्षही उमेदवारांची यादी करून लढतात, आणि त्याच्या यादीत आणखी काही नावं लागत होती...

"तू फक्त सही कर. पाचव्या नंबरचं कुणी कधी निवडून येत नाही, नो वरीज," तो म्हणाला. इतक्या खात्रीने मला आजवर कुणी काही सांगितलं नव्हतं. केली सही.

माझी आई सध्या पुण्याहून आमच्याकडे आलीये. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे आयुष्यभर इलेक्शन ड्युट्या केलेल्या. तिने लगेच मामाला कळवलं, "वैशू नगरसेविका होतेय." तासाभरात फॅमिली ग्रुपवर बॅनर आला. माझा लग्नातला फोटो, मागे ऑपेरा हाऊस, खाली 'शुभेच्छुक' म्हणून मामाच्या मित्रमंडळातले अकरा जण. त्यातल्या एकालाही मी ओळखत नाही.

तर त्या शनिवारी सकाळी मी आणि आई प्रायमरी स्कूलच्या गेटवर, रॉनच्या पिवळ्या टी-शर्टात. आईने तो साडीवरून घातला होता. रॉन दुसऱ्या शाळेवर होता. काम एकच, येणाऱ्या प्रत्येकाला 'आम्हाला मत असं द्या' हे सांगणारा कागद द्यायचा.

मी इतकं हळू "हॅलो" म्हणत होते की लोकांना वाटायचं मी पत्ता विचारतेय. एक बाई तर मला स्टेशनचा रस्ता समजावून गेली.

तोवर मतदान केंद्राच्या दारातून आईने डोकावून पाहिलं आणि ती हादरून परत आली. पोलीस नाही, बोटाला शाई नाही, आणि मत पेन्सिलने! "उद्या कुणी खोडरबर घेऊन बसलं म्हणजे?"

मग तिने माझ्या हातातले कागद काढून घेतले. "गुड मॉर्निंग! माय डॉटर!" असं म्हणून ती वाटच अडवायची. कागद नाकारायची कुणाची टाप नव्हती. मत देऊन बाहेर पडणाऱ्या एका आजोबांनीही घाबरून घेतला.

आमच्या शेजारीच एका मोठ्या पक्षाची कार्यकर्ती उभी होती. मार्गारेट, आईच्याच वयाची, जांभळा टी-शर्ट. तिच्या कागदांचा गठ्ठा आमच्या तिप्पट.

अकराच्या सुमारास मी सॉसेज सिझलच्या, म्हणजे शाळेच्या मदतीसाठी आवारात सॉसेज भाजून विकतात त्या स्टॉलच्या लाइनीत लागले. मला सॉसेज, आईला नुसता ब्रेड आणि परतलेला कांदा. पंधरा-वीस मिनिटांनी परत आले तर मार्गारेट गायब... आणि आई तिचे जांभळे कागद वाटतेय! त्याच जोशात. "गुड मॉर्निंग! व्हेरी गुड पार्टी!"

आमचे पिवळे कागद खुर्चीवर, पाण्याच्या बाटलीखाली नीट ठेवलेले.

"आई! काय करतेयस तू? ते आपल्या विरोधातले आहेत!" मी किंचाळलेच. मतदानाच्या लाइनीतले सगळे वळून बघायला लागले.

"ओरडू नकोस. त्या बाईला बाथरूमला जायचं होतं."

"अगं, मग नुसते धरून ठेवायचे ना! वाटायचे कशाला?"

"विश्वासाने दिलेत तिने. नुसते धरून ठेवले तर ती फसवणूक झाली." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एका ड्युटीला बाथरूमला कुलूप होतं. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई गावाला. आम्ही बायका सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो. शेवटी एका उमेदवाराचा माणूस आम्हाला आपल्या घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोने वर चहा पाजला."

"कुठल्या पक्षाचा होता?"

"मी नाही बाई विचारलं."

माझ्या हातातला ब्रेड-कांदा गार होत होता...

मार्गारेट परत आली तेव्हा मी तिला झाला प्रकार सांगितला. ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग उठून तिने आमचे पिवळे कागद उचलले. "फेअर्स फेअर," म्हणाली, म्हणजे फिट्टंफाट, आणि पुढची वीस मिनिटं खरोखर आमचा प्रचार केला. माझ्यापेक्षा पुष्कळच बरा.

दोन आठवड्यांनी निकाल लागला. रॉन थोडक्यात पडला, मार्गारेटचा उमेदवार आला. मला रात्रभर वाटत राहिलं, आईने वाटलेल्या जांभळ्या कागदांमुळेच तो पडला असेल तर? सकाळी जाऊन रॉनला सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "पुढच्या वेळी तुझ्या आईला पहिल्या नंबरवर घेऊ."

नंतर मार्गारेट त्या नव्या काउन्सिलरला घेऊन आमच्या रस्त्यावर आली. रॉनने दोघांना गवतातून शाळेपर्यंत चालवत नेलं. फुटपाथ होईल की नाही, देव जाणे.

हरल्याचं मला काहीच नाही. पण चारचौघांत आईवर ओरडले, ते मात्र टोचत होतं. काल संध्याकाळी सॉरी म्हणायला तिच्या खोलीत गेले, तर ती व्हिडिओ कॉलवर मामाला सांगत होती...

"वैशू पडली रे. पण मी दोन्हीकडून काम केलं होतं, त्यातला एक आला निवडून."