धर्मा नाखव्याच्या होडीचं नाव

फोन आला तेव्हा मी गॅलरीत पोह्याचे पापड उलटत होतो. पनवेलजवळ विचुंब्याच्या या नव्या इमारतीत आम्हाला चौथ्या मजल्यावर ऊन भरपूर मिळतं, म्हणून निवृत्तीनंतर ते खातं घरच्यांनी माझ्याकडे सोपवलंय.

"अण्णा, तू ये. माजं ऐकत नाय ती. तुजं ऐकंल."

पलीकडे धर्मा होता, उरणजवळच्या करंज्याचा धर्मा नाखवा. ज्याची स्वतःची मच्छीमारी होडी, त्याला तिकडे नाखवा म्हणतात. आणि 'ती' म्हणजे त्याची बायको, हिराबाई.

गोष्ट अशी झाली होती. धर्माची जुनी होडी मोडीत निघाली आणि नवी बांधून तयार झाली. दिवाळी उलटून गेलेली, मासळीचा हंगाम भरात, आणि होडी आपली किनाऱ्यावर कोरडीच. रंगारी दोनदा येऊन गेला. सगळी होडी रंगवून झाली, फक्त नावाची जागा मोकळी. धर्माला जुनंच नाव हवं होतं, 'मार्सेला'. हिराबाईंचं म्हणणं एवढंच, की खुशाल लिही ते नाव, पण मग मी होडी पुजणार नाही. त्यांच्याकडे नव्या होडीला घरच्या बाईच्या हातचं हळदकुंकू लागल्याशिवाय ती पाण्यात उतरत नाही. म्हणजे बाई अडली की होडी अडली.

मी पापड तसेच टाकले आणि पिशवी भरायला घेतली.

आता ही मार्सेला कोण, ते सांगितल्याशिवाय तुम्हाला पुढचं कळायचं नाही. जुन्या पनवेलात माझं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. शिकलो कुठे म्हणाल तर कुठेच नाही. उघडून बघायचं, बिघडवायचं, पुन्हा जुळवायचं. धर्मा त्या काळी मालवाहू जहाजावर खलाशी. एकदा सुट्टीवर आला तो काखोटीला परदेशी टेपरेकॉर्डर मारूनच. पट्टा तुटलेला, आत कॅसेट अडकलेली. पट्टा बदलला, बटण दाबलं, आणि दुकानात एका बाईचा आवाज भरला. जाड, थोडा घोगरा, पण असा मोकळा की रस्त्यावरचा भाजीवाला हातगाडी थांबवून उभा राहिला. मागे ढोलकीची कुठली तरी लांबची मावसबहीण असावी तसलं वाद्य. शब्द एक कळेना. आम्ही दोघं स्टुलावर बसून कॅसेट संपेपर्यंत बोललो नाही.

"कोण रे ही?"

"दोन्या मार्सेला. पोर्तो रिकोची. बेट हाय तिकरं, वेस्ट इंडीजच्या बाजूला."

दोन्या म्हणजे काय, तर त्यांच्या स्पॅनिश भाषेतला मानाचा शब्द. आपण मोठ्या गाणारणीला बाई म्हणतो, अगदी तसा. धर्माने त्याचं भाषांतर बरोबर केलं होतं. चूक झाली ती ते भाषांतर धक्क्यावर जाऊन बोलला ही. मित्रांनी विचारलं, परदेशात काय काय बघितलंस, तर हा ऐटीत म्हणाला, "तिकरं माजी एक बाई हाय. मार्सेलाबाई."

बंदराच्या धक्क्यावर खलाशाने 'माझी बाई' म्हटलं की त्याचा अर्थ एकच होतो. पुढे स्वतःची होडी घेतली तेव्हा याने तिला तेच नाव दिलं. मग तर विषयच मिटला.

तर मंडळी, पनवेलहून करंज्याला जायचं तर सगळ्यात सोपी आपली एस.टी. सकाळी जरा लवकर स्टँडवर गेलात तर उरणच्या गाडीत खिडकी मिळते. तिकिटाला वीस-पंचवीस रुपये पडतात. माझी गाडी पळस्प्यावरून गेली. गोव्याची गाडी धरणारे प्रवासी तिथेच उतरून वडापावच्या गाडीकडे धावले. त्यानंतर मात्र रस्ता आपला राहत नाही. पुढे कंटेनरचे ट्रेलर, मागे कंटेनरचे ट्रेलर. पूर्वी याच वाटेवर दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आणि मिठागरं होती, पांढऱ्या ढिगांवर ऊन पडलं की डोळे दिपायचे. आता वेगवेगळ्या देशांची नावं लिहिलेले डबे एकावर एक रचलेले दिसतात. शेजारी बसलेला गृहस्थ म्हणाला, "काका, ही गाडी तासाभराची म्हणतात, पण दीड धरून चाला." दीड तासही कमीच पडला. पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि धूळ सोसत नसेल तर रुमालही.

उरणला उतरून सहा आसनी रिक्षा केली. सहा आसनी म्हणजे नऊ माणसं आणि दोन टोपल्या. करंजा जवळ आलं की आधी नाकाला कळतं. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील टांगलेले, तोंडात तोंड अडकवून, जणू धुणं वाळत घातलंय. पलीकडे द्रोणागिरीचा डोंगर. ज्यांना वासाचं वावडं आहे त्यांनी पहिली दहा मिनिटं दम धरावा, मग वास आपला होतो. आणि फोटो काढायचा तर आधी विचारावं. बायका नाही म्हणत नाहीत, पण न विचारता काढलात तर जे ऐकावं लागतं ते मी इथे लिहू शकत नाही.

धर्मा रिक्षाच्या थांब्यावरच उभा होता. वाळलाय. केस सगळे पांढरे. मला मिठी मारली आणि घरी नेण्याआधी होडी दाखवायला नेलं. निळी, पांढऱ्या पट्ट्याची, नव्या लाकडाचा वास येणारी. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, जिथे नाव यायचं तिथे पांढरा चौकोन.

"दुसरं नाव दे की," मी म्हटलं. "देवीचं दे. भांडण संपलं."

"त्या नावानं तीस वर्सं पोट भरलं, अण्णा. वादळातशी घरी आनलंय तिनं मना."

घरी हिराबाई अंगणात सुकट निवडत बसल्या होत्या. मला बघून पदर सारखा केला.

"या दादूस. किती वर्सांनी. वकील म्हनून आलाव काय?"

"जेवायला आलोय."

"तं मंग बसा."

तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलांचं आंबट कालवण आणि तळलेली मांदेली. आमची ही घरी करते त्या कालवणाला मी नावं ठेवत नाही, कारण तीही हे वाचते. पण त्या दिवशी मी भाकरी मोजल्या नाहीत.

जेवण झाल्यावर मी खिशातून मोबाईल काढला. साठी उलटल्यावर मी कॉम्प्युटर शिकलो, तोही उघडून, बिघडवून. मार्सेलाचं नाव किती तऱ्हांनी टाइप केलं तेव्हा कुठे ती सापडली. शब्दकोश शेजारी ठेवून तिचं सगळं आयुष्य वाचून काढलं आणि तिची गाणी मोबाईलमध्ये भरून घेतली. म्हटलं, हिराबाईंसमोर पुरावाच ठेवू. धर्मा उंबऱ्यावर बसला, शाळेच्या निकालाला आलेल्या बापासारखा.

"वहिनी, ही मार्सेला गाणारी होती. तिची आई बंदरावर तळलेली मासळी विकायची."

हिराबाईंचा सुकटीवरचा हात थांबला नाही. "कंची मासली?"

"ते लिहिलेलं नव्हतं. मार्सेला लहानपणी आईबरोबर डोक्यावर टोपली घेऊन गल्लोगल्ली ओरडत फिरायची. तो आवाज तिथे कमावला म्हणतात. मग अमेरिकेत न्यूयॉर्कला गेली, दिवसा शिवणाच्या कारखान्यात बसायची, शनिवारी-रविवारी हॉटेलात गायची. मोठी झाली, रेकॉर्डी निघाल्या. म्हातारपणी परत गावी आली. तेव्हा बंदर वाढवायचं म्हणून तिच्या गावची कोळ्यांची वस्ती उठवायला निघाले होते. ही रस्त्यात खुर्ची टाकून बसली आणि गायला लागली. माणसं जमत गेली, यंत्रं थांबली. मग गावाने तिला निवडून दिलं. नगरपालिकेतही ती कोळणींच्या बाजूनेच भांडली."

"वस्ती राह्यली?"

"अर्धी राहिली."

"अर्दी म्हंजे लय झाली," हिराबाई म्हणाल्या. बंदरासाठी गावं उठलेली पाहिलेल्या बाईला ते वेगळं सांगायला नको होतं.

मी गाणं लावलं. तोच आवाज, दुकानातला. छोट्याशा फोनमधून थोडा चिरका, पण तोच. माझ्या डोळ्यांसमोर ते स्टूल आलं, सोल्डरिंगचा धूर आला, काळ्या केसांचा धर्मा आला. गाणं संपलं. हिराबाईंनी सुपातली सुकट पाखडली आणि म्हणाल्या,

"दादूस, ती गानारी हाय ते मना पयल्यापासून म्हाईत हाय."

धर्माने मान वर केली. मीही गडबडलो. "मग नाव का नको?"

"मी टोपली घेऊन बाजारात गेली का बाया बोलतात, आली मार्सेलाची सवत. तीस वर्सं. हा बाजूला उबा राहून ऐकतो, आनि हसतो. एकदा तरी बोलला काय, का ती माजी कोन नाय? याला बरा वाटायचा. परदेशात बाई हाय म्हंजे केवडा मोटा मानूस." त्यांनी सूप खाली ठेवलं. "नवीन होरीवर परत तेच नाव. म्हंजे मी मरेपरत सवत."

मी आणलेला सगळा पुरावा बिनकामाचा निघाला होता. खटला मार्सेलावर नव्हताच.

दुपारनंतर भरतीला होड्या परतल्या आणि आम्ही तिघं धक्क्यावर गेलो. तुम्ही गेलात तर हा लिलाव चुकवू नका. मासळीचे ढीग पडतात, एक जण बोली पुकारतो आणि कोळणी नुसत्या भुवईने पैसे वाढवतात. आपल्याला वाटतं काहीच झालं नाही, तोवर टोपली विकली गेलेली असते. हिराबाई कोळंबीच्या ढिगापाशी बसल्या. एक ठसठशीत बाई मला पाहून ओरडली, "हिरे, पावना कोन गो? मार्सेलाच्या म्हायेरचा काय?"

सगळ्या हसल्या. धर्माच्याही ओठांवर सवयीने हसू आलं. ते त्याने गिळलेलं मला दिसलं. मग तो बोली पुकारणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"ऐका जरा. थांबव रे तुजी बोली. ती मार्सेला माजी कोन नाय. मी तिला एकदाच पाह्यली. त्यांची पन आपल्यासारकी समुद्राच्या देवीची जत्रा असते, होऱ्या सजवतात, तिथं ती गायली. गुडघं गेलेलं, खुर्चीवर बसून. माज्या आयेच्या वयाची. मी लांब गर्दीत उबा होतो, तिनं माज्याकरं बघितलं पन नाय. बाई बोललो ते मानानं बोललो. तुमी हसलाव, मना बरा वाटला, म्हनून मी गप राह्यलो. माजी बाई ही." आणि त्याने हिराबाईंकडे बोट केलं.

मग ती ठसठशीत बाईच म्हणाली, "मंग तीस वर्सं तोंडात काय बोंबील धरलेलास?"

जो हशा उठला तो आधीच्या हशासारखा नव्हता. हिराबाईंनी मान वर केली नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. "बोली पुरं न्या," त्या म्हणाल्या, "कोलंबी तापतेय."

मी रात्री तिथेच राहिलो. धर्माने तीनदा पाणी हवंय का विचारलं, तीनही वेळा बायकोला.

सकाळी रंगारी डबे घेऊन हजर. नाळेसमोर शिडी लावली आणि धर्माकडे बघून म्हणाला, "नाखवा, नक्की झालं काय?" धर्माने हिराबाईंकडे पाहिलं.

"मार्सेला लिव," हिराबाई म्हणाल्या. रंगाऱ्याने खडूने आखून घेतलं, ब्रश बुडवला, नाव लिहिलं आणि शिडीवरून उतरायला लागला.

"कुटं चाललास? नावाच्या पुरं बाई लिव. एवड्या मोट्या मानसाला कोन नुसता नावानं बोलावतं काय?"

पुढे जागा उरली नव्हती. शेवटी 'बाई' हा शब्द खालच्या ओळीत, थोडा मोठा आणि तिरका आला. रंगाऱ्याने पुसून नीट करतो म्हटलं, तर हिराबाई म्हणाल्या, राहू दे. हळदकुंकवाचं तबक त्यांनी घरूनच आणलं होतं, पदराखाली. मला ते दिसलं नव्हतं, आणि धर्माच्या चेहऱ्यावरून त्यालाही.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली नाही. मांडीवर सुक्या बोंबलांची पुडी, शेजारी नाक दाबून बसलेला कॉलेजकुमार. मिठागरं होती त्या जागेवरचे डबे पुन्हा बघितले. त्यातला एखादा पोर्तो रिकोहूनही आला असेल, कोणास ठाऊक. माझं दुकान आता नाही. तिथे मोबाईलची कव्हरं विकतात. ती कॅसेटही केव्हाच घासून गेली. पण दोन माणसं एका बाईचं गाणं ऐकत गप्प बसली होती, आणि त्याचं ओझं दुसऱ्याच बाईने इतकी वर्षं टोपलीबरोबर वाहिलं, हे काही डोक्यातून जात नाही.

मागच्या आठवड्यात हिराबाईंचा फोन आला. ती गाणी माझ्या मोबाईलमध्ये भरून द्या म्हणाल्या, ह्याच्या नको. मी एका ओळखीच्या माणसाबरोबर मेमरी कार्ड पाठवून दिलं. परवा पुन्हा फोन.

"दादूस, ते तिसरं गानं. ती नवऱ्यावर रुसलीय ना त्यात?"

त्या गाण्याचा अर्थ मी शब्दकोश घेऊन शोधून ठेवला होता. ते दारोदार केळी विकणाऱ्या माणसाचं गाणं आहे.

"हो," मी म्हणालो, "चांगलीच रुसलीय."