तक्रार नसलेल्या लिफ्टा

"जिथून तक्रार नाही, तिथे माणूस कशाला पाठवायचा?"

हे वाक्य धाकटी एकदा बोलून गेली होती. थोरल्या दिरांच्या केबिनमध्ये, स्वतः काढलेला आलेख भिंतीवर लावून, हातात पेन खडूसारखं धरून. बोलताना तिला स्वतःच्याच आवाजाचं कौतुक वाटलं होतं. त्या वाक्याने तिला पुढे खुर्ची दिली, काचेचं दार असलेली खोली दिली, आणि मग एक दिवस तिची झोप काढून घेतली.

घरात ती धाकटी, ऑफिसात मॅडम. कंपनी भाऊजींची होती. शहरभरच्या इमारतींमधल्या लिफ्टांची देखभाल करायची, हे काम. भाऊजींनी ती पान्यांच्या एका पिशवीपासून उभी केलेली. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी आकड्यांचंच काम करायची. भाऊजी म्हणाले, "परक्यांचे आकडे कशाला सांभाळतेस? आपले सांभाळ." तिने सांभाळले.

तेव्हा नुकतीच एक वाईट गोष्ट घडली होती. एका इमारतीत लिफ्टचं दार उघडलं आणि दाराआड लिफ्टच नव्हती. हातात डबा घेऊन एक रंगारी पाठमोरा आत शिरला. जिवावरचं पायावर निभावलं, पण पाय गेला तो गेलाच. नोंद पाहिली तर त्या लिफ्टची तपासणी जेमतेम आठवड्यापूर्वी झालेली. मेकॅनिकने रस्त्यापलीकडे चहा पीत सही ठोकली होती. माणूस किती सहज खोटं बोलतो, हे धाकटीने त्या सहीत पाहिलं. ती सही तिला फार दिवस दिसत राहिली.

म्हणून तिने डब्या आणल्या. प्रत्येक लिफ्टला साबणाच्या वडीएवढी एक डबी. दार किती वेळा अडकलं, मोटर किती तापली, थरथर किती झाली, हे ती डबी ऑफिसला कळवायची. डबीचं म्हणणं आणि आलेल्या तक्रारी एकत्र करून यंत्र ठरवायचं, कुठल्या लिफ्टकडे माणूस जाईल आणि कुठल्या लिफ्टकडे जाणार नाही. यात लबाडी नव्हती. उलट पहिल्याच काही महिन्यांत डबीने एक तापलेली मोटर पकडली, जी खुद्द पानेकाकांच्या नजरेतून सुटली होती. पानेकाका म्हणजे कंपनीतले सर्वांत जुने मेकॅनिक, ज्यांच्या मागच्या खिशात पाना कायम असायचा. त्यांनी सगळ्यांदेखत कानाची पाळी धरली. "डबीबाई, चुकलो," म्हणाले. सगळे हसले, धाकटीही.

मग फेऱ्या कमी झाल्या आणि तक्रारीही कमी झाल्या. आलेखाची रेघ मुलांच्या घसरगुंडीसारखी खाली येत गेली. भाऊजींनी ती रेघ फ्रेम करून दारासमोर टांगली. येणाऱ्याजाणाऱ्याने धाकटीला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तीही मजेत चढून बसली.

एका दुपारी ती लवकर घरी आली. घर सहाव्या मजल्यावर. सासूबाई पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. उजव्या पायाचा अंगठा काळानिळा.

"हे काय झालं, आई?"

"काही नाही गं. तुझ्या लिफ्टने मुका घेतला अंगठ्याचा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? आपल्या मजल्यावर ती पेरभर खाली थांबते. बाहेर पाय टाकला की ठेच. आधी नखाएवढं होतं, आता पेरभर झालंय."

"कधीपासून?"

"झाले की बरेच महिने."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"कोणाला सांगू?"

"मला! मी काय परगावी राहते?"

"तुला? संध्याकाळी तुझं तोंड बघितलं की मला मीठ मागायचीसुद्धा भीती वाटते." सासूबाईंनी अंगठा हलवून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "तो पिशवीवाला यायचा ना, त्याला सांगायचे मी. दार उघडं दिसलं की तोच विचारायचा, काय आजी, काय म्हणते लिफ्ट? मग मी सांगायचे, शेजारीण सांगायची, वॉचमन तर त्याची वाटच बघायचा. आता तो येतच नाही. आणि ठेच लागली म्हणून कंपनीला फोन कोण करतं?"

धाकटी स्वतः रोज त्याच लिफ्टमधून मोबाईल बघत, पाय आपोआप उचलून बाहेर पडत होती. थांबल्यावर लिफ्ट खाली घसरते म्हणजे ब्रेक झिजलाय, एवढं तिला कळत होतं. डबी दार बघत होती, मोटर बघत होती. डबीला मजला दिसत नव्हता. पण ती हादरली ते त्यापुढच्या गोष्टीने. ती तशीच ऑफिसात परतली आणि जुन्या तक्रारी उघडून बसली. तक्रार काय होती, हे तिने हजारदा पाहिलं होतं. ती कोणी लिहिली, हे कधीच पाहिलं नव्हतं. जवळजवळ सगळ्या मेकॅनिकांनीच लिहिल्या होत्या, जागेवर उभं राहून, कोणा आजीचं, कोणा वॉचमनचं ऐकून. लोक कंपनीला सांगत नव्हते. लोक आलेल्या माणसाला सांगत होते. तिने माणूस थांबवला, तशी तक्रार थांबली. तक्रार थांबली म्हणून यंत्राने माणूस आणखी लांबवला. गप्प आहे म्हणजे तब्येत उत्तम आहे, हे यंत्राला तिनेच शिकवलं होतं.

दारासमोरच्या फ्रेममधली रेघ तशीच खाली उतरत होती. शहर हळूहळू मुकं होत गेलं, त्याचं ते चित्र काच लावून टांगलेलं होतं, आणि खाली तिचं नाव.

तिने पानेकाकांना गुपचूप आपल्या इमारतीत पाठवलं. ते हात पुसत खाली आले.

"मॅडम, ब्रेकचे लायनर पार झिजले होते, बदलले. लिफ्ट भरलेली असती आणि दार उघडं असतं, तर..." पुढचं त्यांनी हाताने सांगितलं. तळवा आडवा धरला आणि सावकाश खाली नेला.

"बाकीच्या इमारतींचं काय, काका?"

"ते मला काय विचारता? यंत्र फोनवर सांगेल तिथे मी जातो. यंत्र तुमचं." पाना खिशात गेला. "आपल्या घरची तेवढी झाली, बरं झालं."

ते चांगल्या मनाने म्हणाले. धाकटीला मात्र ते वाक्य गिळता येईना.

त्या दिवसापासून तिने लिफ्ट सोडली. ऑफिस सातव्या मजल्यावर. जिना चढताना भिंतीपलीकडून लिफ्ट जायची, तिचा सरसर आवाज यायचा, आणि तो आवाज थांबेपर्यंत ती पायरीवर तशीच उभी राहायची. प्रत्येक इमारतीच्या पोटात एक उभी कोरडी विहीर आहे आणि माणसं दिवसभर तिच्या तोंडावर उभी राहून मोबाईल बघताहेत, असं तिला दिसायला लागलं. रस्त्याने चालताना ती समोर बघायचं सोडून छतावरच्या मशीनच्या खोल्या बघायची. ही आपली. हीसुद्धा आपली.

"मॅडम, लिफ्टवाले जिना चढायला लागले," हिशेबनीस म्हणाला, "तर उद्या न्हावी दाढ्या वाढवतील."

"वजन कमी करतेय," ती म्हणाली.

खरं तर ती स्वतःशीच भांडत होती. एक लिफ्ट, एक अंगठा. एवढ्यावरून शहराबद्दल बोलणाऱ्याला तिने स्वतः हसून वाटेला लावलं असतं. कदाचित बाकीच्या ठणठणीत असतील. कदाचित ती उगाच भ्याली असेल. या भीतीला आकडा नव्हता, आणि आकडा नसलेल्या गोष्टीचं काय करायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

शेवटी ती भाऊजींच्या केबिनमध्ये गेली. सगळं सांगितलं. भाऊजींनी मधे एकदाही तोडलं नाही. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"तुझं खरं असेल. खोटंही असेल. डबी काय म्हणते?"

"डबी काहीच म्हणत नाही."

"या वर्षात कोणाला साधं खरचटलं?"

"आईंचा अंगठा..."

"आईला घरातल्या उंबऱ्याचीही ठेच लागते गं. तुला काय हवंय?"

"एकदा सगळीकडे माणूस पाठवू. प्रत्येक लिफ्टकडे. नुसतं विचारायला."

"माणसं कुठायत तेवढी? आणि त्या मोठ्या हॉस्पिटलच्या लिफ्टांचं काम हातातोंडाशी आलंय. ते गेलं तर पानेकाकांसकट निम्म्यांना घरी बसवावं लागेल. त्यांना काय सांगू? धाकटीला भीती वाटते?"

"हॉस्पिटलात स्ट्रेचर असतं, भाऊजी. दारात अर्धं आत, अर्धं बाहेर."

भाऊजींनी चष्मा परत चढवला. माणूस वाईट नव्हता. रंगाऱ्याच्या घरी ते अजून जात होते, आणि जाऊन आले की दिवसभर कोणाशी बोलत नसत.

"काम मिळू दे," ते हळू म्हणाले. "मग हळूहळू बघू. करारावर सही तुझी लागणार आहे. आकडे ज्याने सांभाळले त्याचीच हवी, असा त्यांचा हट्ट आहे. ती नसली तर काम नाही." मग तिच्याकडे न बघता, "आईच्या इमारतीचं काम गुपचूप करून घेतलंस, ते मला कळलं. मी काही बोललो?"

ती बाहेर आली.

ठरलेल्या दिवशी हॉस्पिटलची माणसं आली. एक व्यवस्थापक आणि तिथल्या सगळ्या नर्सांच्या प्रमुख मेट्रनबाई, पांढऱ्या केसांच्या, पायात मऊ तळव्यांचे बूट. धाकटी जिना चढून आली तेव्हा सगळे बसले होते. तिला धाप लागली होती.

"लिफ्ट बंद आहे का तुमची?" मेट्रनबाईंनी विचारलं.

भाऊजी मोठ्याने हसले. "छे हो! मॅडमचा व्यायाम चाललाय. आम्हा सगळ्यांना लाजवतात."

सगळे हसले. मेट्रनबाई हसल्या, पण धाकटीकडे एक क्षण जास्त बघत राहिल्या.

आलेख पडद्यावर आला. घसरगुंडी. व्यवस्थापकाने मान डोलावली. भाऊजींच्या आवाजात खरा अभिमान होता. "हे सगळं आमच्या मॅडमचं डोकं. त्यांचं एक वाक्य आहे, आम्ही ते सगळ्यांना सांगतो. जिथून तक्रार नाही, तिथे माणूस कशाला पाठवायचा?"

"मग आमचं काम तुम्हाला सोपंच जाईल," मेट्रनबाई म्हणाल्या. "आमच्याकडे तक्रार करतो कोण? पेशंटला शुद्ध नसते, आणि ढकलणाऱ्याला घाई."

व्यवस्थापक हसला. भाऊजीही हसले, पण त्यांचं हसू अर्ध्यात अडकलं आणि नजर धाकटीकडे गेली.

धाकटीला पुढची सगळी वर्षं एकदम दिसली. शहरातली सर्वांत गप्प लिफ्ट. यंत्र तिच्याकडे बघेल आणि म्हणेल, हिची तब्येत उत्तम. आणखी लांबवा. आणखी. आणि एक दिवस दार उघडं असेल, चाकं अर्धी आत गेलेली असतील, आणि कोणीतरी आडवा धरलेला तळवा सावकाश खाली नेईल.

कागद समोर आला. वर पेन ठेवलेलं. भाऊजी तिच्याकडे बघत होते, दटावून नाही, विनवून. दाराबाहेर पानेकाका टेबलाशी उभे राहून कसलासा डबा उघडत होते. त्यांना आत काय चाललंय याची कल्पना नव्हती, आणि त्यांचं घर त्या कागदावरच चालणार होतं.

तिने पेन उचललं. तोंड उघडलं. काही बोललं तर भाऊजी आकडा विचारतील, आणि आकडा तिच्याकडे नव्हता. होता फक्त एक काळानिळा अंगठा, आणि ही भीती.

तिने पेनाला टोपण लावलं. टकटक आवाज होऊ न देता ते कागदाशेजारी आडवं ठेवलं. खुर्ची मागे सरकवली.

"मॅडम?" व्यवस्थापक म्हणाला.

"अगं..." भाऊजी म्हणाले. पाहुण्यांदेखत त्यांनी तिला पहिल्यांदाच घरच्यासारखी हाक मारली.

ती काचेचं दार लोटून बाहेर आली. समोर लिफ्ट दार उघडून उभी होती. आत दिवा, आरसा, कोणी नाही. लांबून पाहता ती मजल्याच्या अगदी पातळीला उभी दिसत होती. मागे मेट्रनबाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. धाकटी लिफ्टला वळसा घालून पुढे गेली, जिन्याचं जड दार तिने खांद्याने ढकललं, आणि कठड्याला हात धरून ती खाली उतरू लागली.