फौजदाराला पाठवलेलं क्षमेचं कार्ड

माझी दर वर्षीची डायरी कल्लाप्पा मगदूम आणून द्यायचे. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते स्वतः जिना चढून यायचे, डायरी टेबलावर ठेवायचे, "कागद बघून घ्या वहिनी, शाई फुटत न्हाय," एवढंच म्हणायचे आणि उतरून जायचे. बारा वर्षांत यापेक्षा लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यामुळे १९७५ च्या नोव्हेंबरात त्यांना बिंदू चौकात घोषणा देताना पकडलं असं कळलं, तेव्हा मला वाटलं, दुसरा कुणी मगदूम असेल.

पण तेच होते. २१ नोव्हेंबर, शुक्रवार. माझ्या डायरीत त्या दिवशी गहू निवडल्याची आणि मगदूमांना पकडल्याची नोंद एकाखाली एक आहे.

हा माणूस चौकात गेला कसा, याचं मला फार कुतूहल होतं. त्यांच्या पत्नी रत्नाबाईंकडून मी ते थोडं थोडं काढून घेतलं. कल्लाप्पा मूळचे जयसिंगपूरजवळच्या एका खेड्यातले. घरी चार एकर रान. शाळेसाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात आले आणि इथलेच झाले. मॅट्रिकनंतर त्यांनी दुकान टाकलं. बाहेर एक काळा फळा टांगला आणि त्यावर रोज सकाळी खडूने एक सुविचार लिहू लागले. अक्षर छापल्यासारखं. शाळेत जाणारी मुलं तो फळा वाचून पुढे जात.

आणीबाणी लागली आणि महिन्याभरात ठाण्यातून माणूस आला. सुविचार आधी दाखवून घ्यायचा, म्हणाला. कल्लाप्पांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फळा स्वच्छ पुसून कोराच टांगला. आठवड्याने तोच माणूस परत.

"ओ मगदूम, काहीतरी लिवा की. कोरा फळा बघून लोक थांबत्यात."

"काय लिवू?"

"काय बी. 'नेहमी खरे बोलावे' लिवा."

"ते लिवलंतं मी जूनमध्ये. तुमच्या सायबानं पुसाय लावलं."

यावर फळा जप्त झाला. रत्नाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्या रात्री ते जेवले नाहीत. पण जैनाघरी अंधार पडल्यावर जेवतच नाहीत, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही. नोव्हेंबरात सत्याग्रहाची हाक आली, तेव्हा चार ओळखीच्या माणसांबरोबर ते चौकात जाऊन उभे राहिले. "लोकशाही झिंदाबाद" तीनदा म्हणून होईपर्यंत पोलीस गाडी आली होती. तीन महिन्यांची शिक्षा झाली. ती संपवून बाहेर पडताना फाटकातच मिसाखाली स्थानबद्ध केल्याचा कागद हातात दिला आणि परत आत नेलं. मिसात खटला नाही, मुदत नाही. कधी सोडणार, हे सोडणाऱ्यालाही सांगता येत नसे.

घरी राहिल्या रत्नाबाई आणि कल्लाप्पांची ऐंशी वर्षांची आई. त्यांना सगळे अव्वा म्हणत. मुलगी अरुणा इचलकरंजीला दिलेली. अव्वा अंथरुणाला खिळल्या होत्या. दर दोन-तीन दिवसांनी विचारायच्या, "कल्लू आला काय गं?" रत्नाबाई म्हणायच्या, "येतोय." रत्नाबाई निपाणीकडच्या. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी वाचायच्या, पण लिहायला वेळ लागायचा.

म्हणून १९७६ च्या सप्टेंबरात त्या माझ्याकडे आल्या. जैनांमध्ये पर्युषणाचे दहा दिवस संपले की क्षमावाणी असते. वर्षभरात ज्या ज्या माणसांशी संबंध आला, त्या सर्वांची क्षमा मागायची. समोर असतील त्यांची हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणत, लांब असतील त्यांची कार्ड टाकून. कल्लाप्पा दर वर्षी चाळीसेक कार्डं लिहीत. आता तुरुंगातून टपाल तपासून जाई, वेळेवर पोचत नसे. तेव्हा ती रत्नाबाईंनी घरून टाकायची होती आणि लिहायची मी.

मी शिकले त्या नन्सच्या शाळेतल्या ख्रिस्ती मुली शनिवारी कन्फेशनला जात. काय चुकलं ते एकेक सांगावं लागे. इथे मजकूर सगळ्यांना एकच होता: "गत वर्षात कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास अंतःकरणपूर्वक क्षमा असावी." चूक न सांगता क्षमा कशी मागायची, असं मी रत्नाबाईंना विचारलं.

"ज्याचं त्याला ठाऊक असतंय की वहिनी. कार्डावर लिवली तर पोस्टमन वाचंल."

यादीच्या शेवटी तीन नावं कल्लाप्पांनी भेटीत तोंडी सांगितली होती: तुरुंगाचे जेलर, मिसाच्या हुकमावर सही करणारे साहेब आणि चौकात पकडणारे फौजदार. ती सांगताना रत्नाबाईंचं तोंड वाकडं झालं.

"मी म्हटलं त्यांस्नी, ह्यांनीच तुमची मागाय पायजे. तर म्हणाले, ते त्यांचं त्यांनी बघावं. लिवा आता."

मी लिहिली. ९ सप्टेंबरला त्रेचाळीस कार्डं पेटीत पडली.

२७ सप्टेंबरला, सोमवारी दुपारी, फौजदार मगदूमांच्या दारात उभे राहिले. साधे कपडे होते. रत्नाबाईंनी मला हाक मारली, कारण त्यांच्या हातातला कागद इंग्रजीत होता.

"बातमी चांगली हाय," फौजदार पाटावर बसत म्हणाले. "मगदूमांचं कार्ड मी वर दाखवलं. सायबांस्नी बी आलतं. दोन्ही फायलीला लावली. माफी मागितली म्हटल्यावर सोडाय हरकत न्हाय, म्हणाले. फकस्त ह्या कागदावर सही पायजे."

"माफी?" रत्नाबाई म्हणाल्या.

"मग कार्डात काय हाय? खरं सांगू का वैनी, दहा महिन्यांत मला घरच्या पत्त्यावर आलेलं तेवढं एकच टपाल, ज्यात शिवी न्हवती. बायकोला वाचून दाखवलं मी."

मी कागद वाचला. तीन वाक्यं होती. बेकायदा कृत्यात भाग घेतल्याचा मला पश्चात्ताप होत आहे. यापुढे तसं करणार नाही. सरकारच्या कार्यक्रमाला माझा पाठिंबा आहे. हे मी रत्नाबाईंना मराठीत सांगितलं. आतून अव्वांनी विचारलं, "कल्लू आला काय गं?" या वेळी रत्नाबाईंनी "येतोय" म्हटलं नाही.

भेटीला फक्त नातेवाइकांना सोडत. पण कागद इंग्रजीत, तो कुणीतरी समजावून द्यायला हवा, म्हणून फौजदारांनी माझी परवानगी काढली. १ ऑक्टोबरला आम्ही तिघं कळंब्याला गेलो. तुरुंग मी पहिल्यांदाच आतून पाहत होते आणि कबूल करते, सगळीकडे टकमका बघत होते. ऑफिसात एक टेबल, चार खुर्च्या आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. कल्लाप्पा घरच्याच पांढऱ्या सदऱ्यात आले. वाळले होते, पण दाढी केलेली होती. आधी त्यांनी फौजदारांना हात जोडले.

"कार्ड पोचलं न्हवं?"

"पोचलं म्हणून तर आलोय," फौजदार खुषीत म्हणाले. "करा सही. संध्याकाळच्या आत आईजवळ बसशीला."

मी तीन वाक्यं वाचून अर्थ सांगितला. कल्लाप्पा म्हणाले, "पयलं वाक्य परत सांगा वहिनी." मी सांगितलं. बराच वेळ ते टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिले.

"फौजदारसाहेब, कार्ड माझंच हाय. मनापासून हाय. चौकात तुम्ही माझ्या दंडाला धरलं तवा मी काय म्हणालो, ध्यानात हाय का?"

फौजदार माठाकडे बघू लागले.

"पगारासाठी स्वतःच्या बापाला बी बांधाल, असं म्हणालतो. चारचौघांत. ते म्हणायला नको हुतं. वरच्या सायबांबद्दल तर आत आल्यावर आणि काय काय बोललो. त्याची क्षमा मागितली मी."

"अहो मग तेच की. लिवलंय ना, कळत-नकळत जे काय चुकलं..."

"जे चुकलं त्याची. चौकात हुबारलो ते चुकलं न्हवतं."

"मगदूम, बारीक कशाला कातताय? मी कुठं कुठं हिंडलो ह्या कागदासाठी, तुमास्नी म्हाईत न्हाय. हे दार एकदाच उघडतंय."

त्यांचा आवाज चढला होता, पण त्यात राग कमी आणि काकुळती जास्त, असं मला वाटलं. कल्लाप्पांनी समजल्यासारखी मान डोलावली. मग ते रत्नाबाईंकडे वळले.

"अव्वा कशी हाय?"

"हाय. खात न्हाय. तुमचं नाव घेती."

"तुझं काय म्हणणं?"

रत्नाबाईंनी मला पुन्हा एकदा तो कागद मराठीत सांगायला लावला. मी सांगितला. त्यांनी पदर नीट केला.

"सही कराल तर घरला येशीला. मला पायजेच हाय. अव्वाला बी पायजे हाय. पण ह्यांनी तुमचं कार्ड ह्या कागदाला टाचलंय. पुढच्या वर्षी मी कुणाला कार्ड टाकलं की त्यो म्हणंल, बघा, मगदूम भ्याले. मग आमी क्षमा मागायची कशी? एवढी वर्सं मागत आलो, ती बी खोटी पडंल." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "नका करू."

कल्लाप्पांनी कागद उचलून, घडी घालून, फौजदारांसमोर ठेवला. फौजदार म्हणाले, "कार्ड फायलीतनं काढून देऊ का?" कल्लाप्पा म्हणाले, "राहू दे. ते तुमास्नी पाठवलंय, तुमी ठेवा."

परतीच्या रस्त्याला रत्नाबाई टांग्यात माझ्या शेजारी होत्या.  पेठ जवळ आली तशी म्हणाल्या, "अव्वाला काय सांगू?"  घरी गेल्यावर त्यांनी सासूला सगळं जसंच्या तसं सांगितलं, कार्डासकट आणि स्वतः नको म्हटलं त्यासकट. अव्वांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांना काय वाटलं, हे मला कधीच कळलं नाही. त्यानंतर त्यांनी "कल्लू आला काय" हे विचारणं मात्र बंद केलं.

१२ डिसेंबरला अव्वा गेल्या. फौजदारांनी धावपळ करून एका दिवसाची सुटी मिळवून दिली, पण कल्लाप्पा दोन शिपायांबरोबर दारात आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. गल्लीतल्या बायका कुजबुजल्या. केरबा दूधवाल्याची आई चिमणाबाई तर उघड म्हणाली, "सही केली असती तर आईच्या तोंडात पाणी पडलं असतं की. एवढं काय त्या कागदात?" रत्नाबाई तिथेच होत्या. त्यांनी ऐकलं.

निवडणुका जाहीर झाल्यावर २७ जानेवारीला कल्लाप्पा सुटले. त्या वर्षीची माझी डायरी महिनाभर उशिरा आली. पुढे चौकात त्यांचा सत्कार झाला. भाषणं झाली. सगळे म्हणत होते, मगदूम वाकले नाहीत. ते खाली मान घालून बसले होते. रत्नाबाई बायकांत मागे होत्या आणि त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. मला वाटलं, उठून सांगावं. पण तो अधिकार माझा नव्हता.

त्या वर्षीची क्षमावाणी २८ सप्टेंबरला, बुधवारी होती. सकाळी मी कार्डांची यादी घेऊन त्यांच्याकडे गेले, कारण लिहायची सवय आता मलाच लागली होती. दार उघडं होतं. कल्लाप्पा रत्नाबाईंसमोर उभे होते, हात जोडून. मी उंबऱ्यावरच थांबले. परत फिरायला हवं होतं, फिरले नाही.

"दर वर्षी तुझी क्षमा मागतो, पण काय चुकलं ते सांगत न्हाय," ते म्हणत होते. "अवंदा सांगतो. त्या दिवशी 'तुझं काय म्हणणं' असं मी तुला इचारायला नको हुतं. नको म्हणायचं माझ्या मनात आधीच ठरलं हुतं. ते मी तुझ्या तोंडून वदवलं. आईचं ओझं तुझ्यावर टाकलं. उत्तम क्षमा."

रत्नाबाईंनी हात जोडले नाहीत. त्या चुलीवरचं दूध उतरवत होत्या. ते उतरवून, झाकून, मग वळल्या.

"इचारलं न्हसतं," त्या म्हणाल्या, "तर त्याची क्षमा केली न्हसती."