देवीचे वण

आमच्या ह्यांचं सोलापुरात फोटोचं दुकान होतं. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली, तेव्हा अक्कलकोट रस्त्याच्या माळावर बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा भरू लागल्या आणि हे कॅमेरा घेऊन तिथे जाऊ लागले. मी बाभळीखाली बसायची. उन्हात रोल खराब होतो, म्हणून पदराच्या आडोशाला तो बदलून द्यायचं काम माझं. तिथे बाईमाणूस मी एकटीच. मान वर करायची नाही.

निशाण पडलं की दोन जोड्या सरळ सुटायच्या आणि बघता बघता धुळीत दिसेनाशा व्हायच्या. हे शेवटच्या टोकाला उभे राहायचे. दहांत एखादा फोटो साधायचा, बाकीच्यांत नुसती शेपटं.

एकदा जिंकलेला गाडीवान जोडीबरोबर फोटोला उभा राहिला. त्याच्या तोंडभर देवीचे वण होते.

"बैलं तेवडी नीट येऊ द्या," तो ह्यांना म्हणाला. "माजं तोंड न्हाय आलं तरी चालंल. देवीनं चाळण करून ठिवलीया."

"आरं, बैलं पन लाजत्यात तुज्यासंगं उभं ऱ्हायाला!" गर्दीतून कुणी ओरडलं. सगळे हसले, तोही हसला.

"डाग घालवायचं काम हिच्याकडं असतंय," ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

फोटो झाल्यावर तो बाभळीपाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वयनी, तेवडं झाकता आलं तर बगा." मी मान हलवली. पण फोटो न्यायला तो आलाच नाही.

पुढच्या मोसमात त्याच माळावर त्याची गाडी उलटली आणि तो चाकाखाली गेला. आम्ही तिथेच होतो. ह्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि आम्ही घरी आलो.

महिन्याभराने त्याची बायको कडेवर मुलगी घेऊन दुकानात आली. "मालकांचा दुसरा फोटू न्हाय कुटं. बैलांसंगं काडलाय त्यातलं तोंड मोटं करून द्या. भितीवर लावाया."

ह्यांनी चेहरा मोठा करून त्याची नवी निगेटिव्ह तयार केली आणि माझ्याकडे दिली. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके भरले की छापताना डाग जातात. लग्नाच्या मुलींचे फोटो मी तसेच करायची. त्याला कबूल केलेलं आठवून मी तीन दुपारी बसून एकेक वण बुजवला. इतकं मन लावून मी कधी काम केलं नव्हतं.

ती फोटो न्यायला आली तेव्हा हे बाहेर गेले होते. तिने बराच वेळ बघितलं, मग फोटो मुलीपुढे धरला. "कोन गं ह्ये?"

"पावनं," मुलगी म्हणाली.

बाईने फोटो टेबलावर ठेवला. "अक्का, ह्ये आमचं न्हवंत."

"तेच आहेत की," मी म्हणाले.

"मग गालाचं काय झालं? पोरगी रोज त्यावर बोट फिरवत निजायची. लई आशेनं आल्ते."

मी आत गेले. कापसावर टर्पेंटाइन घेऊन निगेटिव्हवरची पेन्सिल पुसली. तीन दुपारांचं काम घटकेत गेलं. पुन्हा छापून ओलाच कागद बाहेर आणला. बाईने बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मुलीने सरळ गालावर बोट ठेवलं.

"वल्लं हाय," आई म्हणाली, पण मुलीचा हात तिने धरला नाही.

बोटाचा ठसा फोटोवर उमटला. दुसरा छापून देते म्हटलं, तर बाई नको म्हणाली. वाळेपर्यंत थांबली आणि तोच घेऊन गेली.

बरं केलं असंच वाटतं. पण त्या माणसाला मी मान हलवून कबूल केलं होतं, आणि त्याचा तो हळू आवाज अजून आठवतो.