पाय उचलला की थांबणारी गाडी

एल्वा टॅरंटांच्या घरी स्वयंपाकाला लागली त्याच जुलैत, म्हणजे त्या दक्षिण गोलार्धातल्या खोऱ्यात ऐन थंडीत, एका सकाळी ओसरीवर असं भांडण जुंपलं की तिच्या पुढ्यातली पिठाची परात तशीच राहिली. दार अर्धं उघडं होतं. आपण मुद्दाम ऐकत नव्हतो असं म्हणायला जागा होती, पण एल्वाने उठून दार लावूनही घेतलं नाही.

"ट्रक तळ्यात!" म्हातारे टॅरंट ओरडत होते. "माझा ट्रक! चाकं बुडालीत, आणि तिन्ही कुत्री हौद्यात बसलीत, जशी काही नावेतून सहलीला निघालीत!"

"त्यांना उतरा म्हणून कुणी सांगितलं नाही ना, बाबा. शिकवलेली कुत्री आहेत. तुम्हीच शिकवलीत."

हा आवाज नव्या सुनेचा. नायरी तिचं नाव. लग्न होऊन चार-सहा महिने झाले असतील, तोंडावरचं नवेपण अजून गेलं नव्हतं, पण जीभ मात्र सासरी चांगली रुळलेली होती.

झालं होतं ते असं. हिवाळ्यात मेंढ्यांना गवत टाकायची त्या खोऱ्यातली रीत म्हणजे ट्रक सगळ्यांत खालच्या गिअरात घालायचा आणि त्याला त्याच्या मनाने जाऊ द्यायचं. तो गोगलगायीच्या चालीने सरकत राहतो. आपण चालत्या ट्रकमधून उतरायचं, मागे हौद्यात चढायचं आणि गठ्ठे सोडून गवत खाली ढकलत राहायचं. स्टिअरिंगच्या चाकामागे कुणीच नाही. ट्रक फारच भलतीकडे चालला तर उडी मारून पुढे पळायचं, चाक जरासं वळवायचं, की परत मागे. खोऱ्यातले सगळे पुरुष असंच करत आणि कुणाचं काही बिघडत नसे. म्हणजे बिघडत असे, पण ते घरी सांगत नसत.

त्या सकाळी गवत टाकता टाकता नायरीला एक गाभण मेंढी उताणी पडलेली दिसली. अंगभर लोकर आणि पोटात कोकरू, अशी मेंढी एकदा पाठीवर गेली की तिला आपलं आपण उठता येत नाही. पाय हलवत पडून राहते आणि पोट फुगून मरते. नायरीने उडी टाकली, मेंढीला उभं केलं आणि तिचा तोल येईपर्यंत दोन्ही गुडघ्यांत धरून ठेवलं. तेवढ्यात ट्रक आपल्या वाटेने निघून गेला.

"ट्रक सोडून मेंढीशी कसली गळाभेट चालली होती?"

"ट्रक उद्या वाळेल, बाबा. मेलेली मेंढी वाळवून उठली असती का?"

"आजपासून किल्ली माझ्याकडे राहील!"

"ठेवा. उद्या सकाळी गवतही मग तुम्हीच टाका. गुडघ्याला बांधायला फडकं काढून ठेवू का आत्ताच?"

दुसऱ्या सकाळी किल्ली नेहमीच्या खिळ्याला होती. नायरीने ती जाता जाता काढून घेतली, एल्वाकडे बघून हसलीसुद्धा नाही, आणि एल्वाने परात पुढे ओढता ओढता ठरवून टाकलं की ह्या बाईच्या आसपास राहायचं.

राहिलीही. कुंपणं घालणाऱ्या डेसशी तिने लग्न केलं आणि टॅरंटांच्या रानाच्या फाटकालगत घर केलं. नायरी ट्रक घेऊन वर निघाली की फाटकापाशी एल्वा चढायची. वरचा माळ आणि खालचं रान ह्यांच्यामध्ये एक उभा उतार आहे, त्याला सगळे भिंतच म्हणतात. वाटेत फाटकं पुष्कळ, आणि शेजारी बसणाऱ्याने उतरून फाटक उघडायचं हा तिथला कायदा. तो एल्वाने जन्मभर पाळला. गाडी मात्र ती कधी शिकली नाही. डेसने एकदा शिकवायला घेतली होती. क्लच सोडला की ट्रक बेडकासारखा उडी मारायचा आणि डेस खदखदा हसायचा. पहिल्यांदा ती सोसून राहिली. दुसऱ्यांदा तो हसला तेव्हा खाली उतरली आणि पायी घरी गेली.

नायरीचा हात मात्र गाडीवर असा बसला की तसा एल्वाने दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. ज्या गिअरात भिंत चढलो त्याच गिअरात उतरायचं, हा तिचा नेम. घाईतले लोक उतरताना गिअर काढून गाडी मोकळी सोडत. नायरी म्हणायची, "मागे वजन असलं की गाडी आपल्याला ढकलते. ढकलणाऱ्याला इंजिनाने धरून ठेवायचं असतं, नुसत्या ब्रेकाने नाही." एका वर्षी मोठा बर्फ पडला तेव्हा चाकांना साखळ्या बांधून ती सलग वर जात राहिली, आपल्या आणि शेजाऱ्यांच्याही मेंढ्यांना गवत टाकायला. शेजारी आभार मानायला आला तर म्हणाली, "तुझ्या मेंढ्या माझ्याहून जास्त खातात बाबा, जरा वळण लाव त्यांना."

अशीच वर्षं गेली. म्हातारे गेले, नायरीचा नवरा क्लेम गेला, डेस गेला. नायरीचा डावा खुबा बदलून झाला आणि त्या पायातला जोर काही परत आला नाही. त्याच शरदात ट्रकनेही मान टाकली.

तिचा मुलगा रॉस शहरातून आला. पोरगा गुणी. येताना आईला लोकरी मोजे आणि एल्वाला आल्याचा केक, कधी चुकला नाही. पण ह्या वेळी तो चहाच्या आधीच बोलला.

"आई, माळ शेजाऱ्याला चालवायला दे. माझ्या घरामागे तुझ्यासाठी दोन खोल्या काढल्यात. ऊन येतं."

"ऊन इथेही येतं."

"तुला क्लच दाबता येत नाही. वर जाणार कशी?"

नायरीने कप खाली ठेवला. "भिंत धड उतरेल आणि मला गवत टाकता येईल अशी गाडी मिळाली तर?"

"तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. आणि नाही मिळाली तर हिवाळ्याआधी माळ द्यायचा."

मायलेकांनी हात मिळवले. एल्वा चुलीपाशी उभी होती. माळ गेला की नायरी जाईल, आणि नायरी गेली की फाटकं कुणासाठी उघडायची, एवढंच तिच्या डोक्यात आलं. भट्टीतले स्कोन, ते चहाबरोबरचे छोटे पाव, जळले त्या दिवशी.

पुढच्या आठवड्यात दुकानाचा माणूस रानात वापरायच्या छोट्या गाड्या ट्रेलरवर घालून घेऊन आला. दोघांना बसायला जागा, डोक्यावर टप, मागे हौदा. रॉसच्या मनात जी होती ती आधी उतरवली. इंजिनाचा जोर रबरी पट्ट्यातून चाकांना देणारी, गिअर बदलायचे नाहीत, क्लच नाही. नुसतं दाबायचं की वाऱ्यासारखी जाते.

"छान आहे," नायरी म्हणाली. "आता हौदा गवताने भर."

"अगं, नुसती बघ तरी आधी."

"मी रिकामी घेऊन वर कशाला जाणार आहे? फिरायला?"

गठ्ठे चढवले. नायरी चाकामागे, एल्वा शेजारी. वाटेतल्या ओढ्यात पाणी बरंच होतं. बाहेर पडताना पट्टा भिजून किंचाळला आणि गाडी जागीच गुरगुरत राहिली. मग निघाली. भिंत चढलीही झोकात. उतरताना नायरीने नेहमीसारखा वेग अगदी कमी केला, आणि तिथेच घोळ झाला. वेग पडला तसा पट्ट्याने इंजिन सोडून दिलं आणि गाडी मोकळी सुटली. मागचं गवत ढकलू लागलं. नायरीने ब्रेक दाबला, गाडी थांबली, पण तोवर एल्वाने टपाचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

खाली आल्यावर दुकानदार म्हणाला, "उतारावर इंजिनाने धरणाऱ्याही येतात हो पट्ट्याच्या गाड्या."

"येत असतील. ओढाही कोरडा मिळतो का त्यांच्याबरोबर?"

दुसरी गिअरची होती, जुन्या ट्रकची नातच. तिच्यात बसताना नायरीचा चेहरा असा उजळला की रॉसने मान फिरवली. डावा पाय क्लचवर ठेवला. क्लच अर्धाच गेला. तिने हातातली काठी घेतली आणि क्लचवर रोवली.

"आई!"

"गप्प बस, जमतंय."

जमत नव्हतं. काठी निसटली, गाडीने बेडूकउडी मारली आणि हौद्यात चढून बसलेली नायरीची कुत्री टीप उडून गवतावर पडली. तिने नायरीकडे असं काही पाहिलं की नायरी खाली उतरली. थोडा वेळ ती त्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी होती.

उरली तिसरी. हिच्यात पट्टा नाही की गिअर नाही, तेलाच्या दाबाने चाकं फिरतात, दुकानदाराने सांगितलं. पाय दाबला की जाते, उचलला की थांबते. उतारावरही चाकांना धरून असते. आवाज मात्र शिवणयंत्रासारखा, आणि चाल धीमी.

"ही काय वेगाने जाणार!" रॉस म्हणाला.

"मेंढ्या कुठे पळून चालल्यात?"

भरल्या हौद्यासकट ती ओढ्यातून निघाली, भिंत चढली, आणि उतरताना नायरीने मधोमध पाय उचलला. गाडी थबकली. एल्वाने ह्या खेपेला मुद्दाम मांडीवर घेतलेल्या टोपलीतली अंडीसुद्धा हलली नाहीत. "हिला कळतं गं," नायरी हळूच म्हणाली.

पण खाली रॉस वाटच बघत होता. त्याला जिंकल्याचा आनंद नव्हता, हे एल्वाला दिसलं. "आई, हिच्यावरचा पाय उचलला की ही थांबते. मग तू मागे गवत टाकत असताना चालेल कशी? बाबांचा ट्रक एकटा चालायचा. ही एकटी नाही चालणार."

एल्वाने नायरीला उत्तर न सुचलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

"मी चालवते," एल्वा म्हणाली.

तिघांनी मागे वळून पाहिलं, जणू फाटकच बोललं.

"एल्वा मावशी, तुला येत नाही."

"क्लच येत नव्हता. हिला आहे का क्लच?"

"नाही, पण..."

"मग सरक बाजूला. आणि हसलास तर मी उतरून पायी जाईन."

सपाटीवर ती चाकामागे बसली. पाय दाबला, गाडी गेली. पाय उचलला, थांबली. परत दाबला. परत उचलला. कुंपणापर्यंत जाऊन वळून आली तेव्हा तिचं तोंड रागावल्यासारखं घट्ट मिटलेलं होतं, कारण नाहीतर तिला रडू आलं असतं. रॉस हसला नाही. नायरी मात्र डोळे पुसेपर्यंत हसली, आणि त्या हसण्याचा एल्वाला राग आला नाही.

मग तीच रीत पडली. भिंत चढायची आणि उतरायची ती नायरीने. वर माळावर पोचलं की एल्वा चाकामागे, आणि नायरी मागे गठ्ठ्यांवर पाय सोडून बसायची, सुतळी कापायची, चांगल्या पायाने गवत खाली लोटायची. पहिल्या हिवाळ्यात एल्वा दर दोन मिनिटांनी काहीतरी सांगायला मागे वळायची, वळली की पाय उचलला जायचा आणि गाडी खाडकन थांबायची.

"बोलायचं असेल तर पुढे बघून बोल!" नायरी मागून ओरडायची. "मला कान आहेत, सीटबेल्ट नाही!"

पण एल्वाने गाडी तळ्यात घातली नाही. हे ती रॉसला दर भेटीत सांगायची. आणि रॉसने तो विषय परत काढला नाही. केक मात्र दोन आणू लागला.

नायरी वसंताच्या तोंडावर गेली, आपल्याच बिछान्यात, झोपेत. आदल्या दिवशी दोघी वर जाऊन आल्या होत्या. काही निराळं घडलं असतं तर एल्वाने आवर्जून लक्षात ठेवलं असतं. पण निराळं काही नव्हतं. धुकं होतं. टीप एल्वाच्या जागेवर बसली होती, तिला उठवायला नेहमीइतकाच वेळ लागला. नायरी धीम्या चालीने भिंत चढली. माळावर जागा बदलल्या. अर्धं गवत टाकून झालं आणि टपावर काठी दोनदा वाजली.

एल्वाने पाय उचलला. गाडी थांबली.

तळ्याच्या अलीकडे एक मेंढी उताणी पडली होती, चारही पाय आभाळाकडे. नायरी काठी टेकत उतरली, सावकाश गेली, लोकरीत दोन्ही हात घातले आणि मेंढीला वळवून उभं केलं. मग तिला गुडघ्यांत धरून राहिली, तोल येईपर्यंत. एल्वा पुढे बघत बसली होती. गाडी होती तिथेच होती.

मेंढी अंग झाडून चालू लागली. उरलेलं गवत टाकून झालं. थर्मासमधला चहा दोघींनी एकाच झाकणातून घेतला, नायरी म्हणाली साखर कमी आहे, एल्वा म्हणाली तुझी जीभच गोड नाही. भिंत उतरताना नायरीने एकदाही ब्रेक लावला नाही. खालच्या फाटकाशी एल्वा उतरली, फाटक उघडलं, गाडी गेल्यावर लावून घेतलं, कडी नीट बसली का ते हलवून पाहिलं.

नायरीने निरोपादाखल चाकावरचं एक बोट उचललं, आणि शिवणयंत्रासारखा आवाज करत गाडी घराकडे गेली.