पोचल्याचं कळेपर्यंत

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर मेथी निवडली. लेकीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कागद पसरून. परदेशातल्या या गावाचं नावच स्टेट कॉलेज. इथे धड देशी दुकान नाही, म्हणून कुणी लांब आयसेलिनच्या देशी बाजारात गेलं की लेक मेथी मागवते. काड्या माझ्या हातून खाली पडत होत्या.

"पडू द्या, नंतर झाडते," बायको म्हणाली.

लेक फोन पुढे ठेवून बसलेली. ती इथल्या युनिव्हर्सिटीत शिकवते. एका देशाची फौज दुसऱ्या देशात जाते तेव्हा तिथल्या माणसांचं आणि मागे राहिलेल्यांचं काय होतं, हा तिचा विषय. मी सातवी शिकून फौजेत गेलो, निळं हेल्मेट घालून आफ्रिकेत शांतिसेनेत राहून आलो. पण तिला मी नको होतो, आई हवी होती.

"आई, रेकॉर्ड करते हं. पुस्तकं म्हणतात, जगाची घडी मोठे देश बसवतात आणि सैन्य ती टिकवतं. मला ते घरातून बघायचंय."

"जगाची घडी? तुझ्या बाबांना पांघरुणाची घालता येत नाही."

"सीरियसली, आई. बाबा मिशनवर असताना तू काय करायचीस?"

"झाडायची नाही."

माणूस प्रवासाला निघाला की लगेच घर झाडू नये, हे आमच्याकडे सगळेच पाळतात. घटकाभर. ही मात्र मी पोचल्याचं पत्र येईपर्यंत केरसुणीला हात लावायची नाही. आफ्रिकेतून पत्र यायला महिना जायचा. माझी आई तिला आळशी म्हणायची, गल्ली हसायची. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी रजेवर यायचो तेव्हा घर लख्ख असायचं.

"एकदाच झाडलं," ती म्हणाली. "पाहुणे यायचे होते."

"मग?" मी विचारलं.

तिचा हात थांबला. "उद्या सांगते. मेथी संपवा आधी."

लेकीचा क्लास होता, ती बस पकडायला पळाली. मेथी झाली. "पाच मिनिटं पडते," म्हणून ही आत गेली. चहाला उठवायला गेलो तर हात गार.

पुढचं लोकांनी केलं. मी खुर्चीत बसून एकच गोष्ट घोळवत होतो. आफ्रिकेत आमच्या पुढची गाडी सुरुंगावर गेली. तीत शेजारच्या गावचा एक होता. त्याची बायको हिच्याकडे पापड लाटायला यायची. त्या गाडीत मी बसणार होतो, ऐनवेळी जागा बदलली. हिने केर काढला तो त्याच दिवशी का? त्या बाईसमोर पापड लाटताना ही ते उरात घेऊन बसायची का? की पाहुणे आले, जेवून गेले, आणि झालं काहीच नाही? लेक म्हणते, रेकॉर्डिंग पुन्हा ऐकू. ऐकून काय, ते त्यात नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक व्हॅक्यूम घेऊन आली. टेबलाखाली काड्या तशाच, सुकून वळलेल्या.

"बाबा, पाय वर घ्या."

"राहू दे."

"लोक भेटायला येतायत."

"येऊ देत. आत्ताच निघालीय ती."

लेक खाली बसून वायर गुंडाळायला लागली. मी तिच्या हातून व्हॅक्यूम घेतला, कपाटात ठेवला आणि त्या दाराला खुर्ची लावून बसलो.